पेला जपानी, माठ आपला

इथल्या मराठी घरांत हल्ली जपानी गुइनोमी दाखवायची फॅशन आलीय. गुइनोमी म्हणजे साके प्यायचा हाताने घडवलेला छोटा पेला. कुठे ग्लेझ ओघळलेलं, कुठे बोटाचा ठसा. यजमान सांगतात, "बघ, परफेक्ट नाहीये, हेच तर सौंदर्य!" पेला सुंदर असतो, वादच नाही. माझं भांडण यजमानांशी आहे. हेच गृहस्थ सुट्टीत पुण्याला गेले की माठ जरा वाकडा आहे म्हणून वीस रुपये कमी करायला लावतात!

यावर ठरलेलं उत्तर: "अरे, ती कला आहे, हा धंदा." साफ चूक. बिझेनची भांडी घ्या. त्यांना ग्लेझ नसतं, आपल्या माठासारखंच. लाकडाच्या भट्टीत दहा-बारा दिवस भाजायची, राख वितळून जी नक्षी उमटेल ती. माशिको तर टोकियोच्या स्वयंपाकघरांना साधी भांडी पुरवणारं गाव. हामादा शोजी तिथे जाऊन राहिला, रोजच्या वापराची भांडी करत राहिला, आणि १९५५ साली सरकारने त्याला 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरवलं. गंमत म्हणजे हा बाबा भांड्यावर सहीच करत नसे! सही असे ती भांड्याच्या लाकडी खोक्यावर. तरी आज लोक त्या नावाला पैसे मोजतात.

आणि आपण? आपल्याला नावाने ठाऊक असलेला कुंभार एकच, तेरचे गोरोबाकाका. तेही संत म्हणून!

आखातातही तेच बरं का. रास अल खैमाची रॅक सिरॅमिक्स सगळ्यांना माहीत, निघाली १९८९ साली. त्याच अमिरातीतल्या वादी हकीलमध्ये चौदाव्या शतकापासून पार विसाव्या शतकापर्यंत कुंभार चाकाशिवाय, नुसत्या हातांनी जुल्फारची भांडी घडवत होते, वर लालसर तपकिरी रंगाची नक्षी. आता भट्ट्या थंड. ही भांडी बघायला म्युझियममध्ये जायचं, पण घडवणाऱ्यांची नावं विचारायची कोणाला?

आपले कुंभार अजून आहेत. पुढच्या खेपेला कुंभारवाड्यात आधी ऑर्डर द्या आणि भाजण्यापूर्वी तळाला स्वतःचं नाव कोरायला सांगा. तो हसेल. हसू दे. नावाचे वेगळे पैसे मागितले तर मुकाट्याने द्या, पेल्याचे दिले तसे.