देखावा कोणाच्या सेवेत?

पीटर जॅक्सनने टॉल्किनच्या दोन कथा पडद्यावर आणल्या. दिग्दर्शक तोच, न्यूझीलंडही तेच, तंत्र दुसऱ्या खेपेला अधिक पुढारलेले. तरी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (२००१ ते २००३) मनात रुतते आणि ‘द हॉबिट’ (२०१२ ते २०१४) डोळ्यांपुढून वाहून जाते. ‘हॉबिट’ ही १९३७ची छोटेखानी बालकादंबरी तीन चित्रपटांत ताणली गेली. पुस्तकात अंतिम लढाईच्या ऐन भरात नायक बिल्बो दगड लागून बेशुद्ध पडतो आणि लेखक ती थोडक्यात आटोपतो, कारण त्याला रस आहे तो या लहानशा जीवाच्या धैर्यात. पडद्यावर मात्र लढाई संपता संपत नाही आणि नायकच गर्दीत हरवतो.

चित्रपट हे दृश्याचेच माध्यम, मग नेत्रसुखाला नाके का मुरडायची, असे कोणी म्हणेल. मुरडायची नाहीतच. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गॉलम हा जीवही संगणकावरच घडला. पण अँडी सर्किसच्या अभिनयाच्या आधाराने तो स्वतःशी भांडतो, तेव्हा तंत्र एका दुभंगलेल्या मनाची गोष्ट सांगत असते. ‘हॉबिट’ने गल्ला भरपूर जमवला, हेही खरे. तरी त्या तिन्ही भागांतला सर्वोत्तम प्रसंग कोणता? अंधाऱ्या गुहेत बिल्बो आणि गॉलम एकमेकांना कोडी घालतात, तो.