जडवस्तू नोंदवहीतला संगणक
स्तंभ : गावचा संगणक

"पासवर्ड तं बरोबर हाय, मंग काहून घेत नाही?"

तुमसर तालुक्यात हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, म्हणून या आठवड्यात त्यावरच लिहितो. विचारणारे सगळे कामातले लोक आहेत: सेवा केंद्र चालवणारी पोरं, पतसंस्थेतले लिपिक, शाळेचे मुख्याध्यापक, निवृत्त गुरुजी. यंत्र सुरू होतं, इंटरनेट चालतं, खिशातल्या फोनवर तोच ईमेल उघडतो, पण टेबलावरचा संगणक मात्र पासवर्ड चुकल्याचं सांगत राहतो. माणूस पासवर्ड बदलतो, पुन्हा तेच होतं. आणखी दोनदा बदलतो. एवढ्या खटपटीत खातं चालवणाऱ्या कंपनीलाच संशय येतो आणि खातं काही काळ अडकून पडतं. अर्जाची शेवटची तारीख त्याच दिवशी असली की मग काय होतं, ते सेवा केंद्राच्या दारातल्या रांगेला विचारा.

पासवर्ड खरोखरच बरोबर असतो. बाद झालेली असते तो देण्याची पद्धत. आउटलुक २००७ किंवा २०१० यांसारखे जुने प्रोग्राम साठवलेला पासवर्ड थेट सर्व्हरला देऊन टपाल उतरवून घेत. ३० मे २०२२ पासून गुगलने वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी हा रस्ता बंद केला. मायक्रोसॉफ्टने कार्यालयीन खात्यांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून तो बंद करत नेला आणि हॉटमेल, आउटलुक डॉट कॉमच्या घरगुती खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ ला. आता लॉगिन कंपनीच्या स्वतःच्या पानावर होतं आणि प्रोग्रामच्या हाती पासवर्डऐवजी एक परवाना येतो, तो हवा तेव्हा रद्द करता येतो. जुन्या प्रोग्रामना हा परवाना घेताच येत नाही. जीमेलने त्यांच्यासाठी सोळा अक्षरांच्या वेगळ्या पासवर्डची सोय ठेवली आहे, पण त्यासाठी आधी दुहेरी पडताळणी सुरू करावी लागते आणि ती करताना बहुतेकांची गाडी खात्याला जोडलेल्या मोबाईल क्रमांकावर येऊन अडते. रिचार्ज न केलेला, वापरात नसलेला प्रीपेड क्रमांक ९० दिवसांनंतर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. २०१२ मध्ये खातं उघडताना दिलेला क्रमांक आज कुणाच्या खिशात आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं.

या बदलाबद्दल कंपन्यांना दोष द्यायला मी तयार नाही. एका ठिकाणाहून चोरलेला पासवर्ड शंभर ठिकाणी लावून बघणं हा चोरांचा रोजचा धंदा आहे आणि जुनी पद्धत त्यांना मोकळं रान देत होती. माझी तक्रार पासवर्ड चुकल्याच्या त्या संदेशाबद्दल आहे. प्रोग्राम जुना झाल्यामुळे अडलं असेल, तर पडद्यावर तसंच आणि मराठीत यायला हवं. चुकीचं कारण सांगून माणसाला पासवर्ड बदलायला लावणं हा त्याच्या वेळेचा आणि आत्मविश्वासाचा अपमान आहे. बोट चुकलं असेल असं समजून स्वतःला अडाणी म्हणवून घेणारी शहाणी माणसं मी पाहिली आहेत.

ब्राउझरमधून ईमेल उघडणाऱ्यांची अडचण वेगळी. विंडोज ७ ला कंपनीकडून मिळणारी साथ १४ जानेवारी २०२० ला संपली. गुगल क्रोमची १०९ ही त्या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२३ च्या सुरुवातीची. एक्सपीवर तर क्रोम ४९ च्या पुढे गेलाच नाही. सर्व्हरशी बोलण्याची जुनी सांकेतिक भाषा, टीएलएस १.० आणि १.१, मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाली. जुना ब्राउझर तीच बोलत असेल तर समोरून उत्तरच येत नाही.

आणि एक कारण इतकं साधं आहे की ते कुणी तपासत नाही: संगणकाची तारीख. मदरबोर्डवर सीआर २०३२ ही रुपयाएवढी बटणसेल असते. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. सेल संपली की दर वेळी वीज गेल्यावर यंत्र पुन्हा आपल्या जन्मसालात जातं, २००९ किंवा २०१० मध्ये. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर त्याची मुदत कधीपासून कधीपर्यंत आहे हे लिहिलेलं असतं. २०१० मध्ये बसलेल्या यंत्राला आजचं प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि ते लाल इशारा दाखवून जीमेलचं पान उघडायला नकार देतं. तालुक्यातल्या आंबागडच्या माणसाला अशा वेळी सीपीयू गोणपाटात गुंडाळून, मोटारसायकलवर मागे कुणाला तरी धरायला बसवून तुमसर गाठावं लागतं. तिथेही काम झालं नाही तर भंडारा किंवा नागपूर. सेलची किंमत त्या पेट्रोलपेक्षा कमी असते. म्हणून पासवर्डला हात लावण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचा.

जुनं यंत्र बदलत का नाही, असं शहरातले वाचक विचारतात. पैसा हे कारण आहेच, पण त्याहून घट्ट गाठ मराठी टंकलेखनाची आहे. श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव यांच्यावर कित्येकांची आयुष्यभराची कामं तयार झाली. त्यातल्या काही प्रणाल्यांना डोंगल लागतो, तो जुन्या विंडोजवरच ओळखला जातो. रेमिंग्टन कळफलकावर बसलेला हात आहे, पंधरा वर्षांचे दाखले, ठराव, प्रश्नपत्रिका त्या फाँटमध्ये आहेत आणि यंत्र बदललं की ती अक्षरं कचरा होऊन समोर येतात. तो माणूस आपली मेहनत राखून बसला आहे, त्याला हट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने ते यंत्र खुशाल ठेवावं, फक्त इंटरनेटपासून तोडून. टंकलेखन तिथे करावं, पीडीएफ काढावी आणि पाठवणं दुसऱ्या यंत्रावरून करावं. नवा मजकूर मात्र युनिकोडमध्येच घ्यावा, कारण उद्याच्या यंत्रावर तोच वाचता येईल.

व्यक्तीचं हे झालं. संस्थांना मात्र मी जाब विचारणार आहे. २०११ च्या संग्राम प्रकल्पातून राज्यभरच्या ग्रामपंचायतींत संगणक पोचले, २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रं आली, शाळांना आयसीटी योजनेतून संगणक-खोल्या मिळाल्या. प्रत्येक यंत्राची जडवस्तू नोंदवहीत नोंद झाली, जशी कपाटाची आणि खुर्चीची होते. कपाट वीस वर्षं बिनबोभाट उभं राहतं. संगणकातल्या प्रणालीची मुदत मात्र ठरलेली असते आणि ती कंपनीने काही वर्षं आधी छापलेली असते. विंडोज ७ कधी संपणार हे २०२० च्या बऱ्याच आधी जाहीर होतं. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हेही. घरगुती वापराला त्यानंतर वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणजे गावातली कित्येक धडधाकट यंत्रं तिथे बसणारच नाहीत. ही आपत्ती तारीख सांगून येते, तरी नोंदवहीत ती तारीख लिहायला रकाना नाही आणि अंदाजपत्रकात तिच्यासाठी पैसा नाही.

दुसरी गोष्ट बदलीची. ग्रामपंचायत किंवा शाळेचं ईमेल खातं अनेकदा त्या वेळच्या ग्रामसेवकाच्या किंवा गुरुजींच्या स्वतःच्या मोबाईलवर उघडलेलं असतं. बदली होते, चार्ज देण्या-घेण्यात नमुना १ ते ३३ मोजून घेतले जातात, शिक्का आणि किल्ल्या दिल्या जातात. ईमेलचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला क्रमांक कागदावर कुठेच येत नाही. पुढे यंत्र बिघडलं की पडताळणीचा कोड जातो दुसऱ्या तालुक्यात बसलेल्या माणसाच्या फोनवर. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून तसा नियम आहे. गावाचा पत्रव्यवहार असा नाहीसा होऊ देणं मला गावाचं दप्तर गहाळ करण्याइतकंच गंभीर वाटतं.

मार्ग आहे, आणि तो महाग नाही. केरळच्या सरकारी शाळांनी गेली कित्येक वर्षं मुक्त लिनक्स प्रणालीवर संगणक शिकवला आहे, लाखो मुलं त्यावर परीक्षा देतात. चार जीबी मेमरी असलेल्या जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट आणि ताजा फायरफॉक्स नीट चालतात, युनिकोड मराठीही चालते. तुमसरच्या आयटीआयमधल्या मुलांना हे काम शिकवलं, तर तालुक्यातली यंत्रं तालुक्यातच सुधारतील आणि पोरांना रोजगार मिळेल. जीमेल आठ आकड्यांचे दहा राखीव कोड देतं. ते छापून बंद पाकिटात तिजोरीत ठेवायला एका कागदाचा खर्च येतो. चार्ज यादीत ईमेल खातं, जोडलेला क्रमांक आणि त्या पाकिटाची नोंद घेण्यासाठी तर मुंबईच्या आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही, मासिक सभेत ठराव केला की पुरे.

डिसेंबर-जानेवारीत ग्रामपंचायतींची अंदाजपत्रकं तयार होतात. आंबागड असो की तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव, सदस्यांनी त्या बैठकीत दोन प्रश्न विचारावेत: आपल्या संगणकावरची प्रणाली कोणती आणि तिची साथ कधी संपते? उत्तर देता आलं नाही, तर तिथेच यंत्र सुरू करून प्रणाली बघावी, आणि तिची साथ संपण्याची तारीख नोंदवहीच्या शेऱ्यात लिहून तिच्या आदल्या वर्षी खर्च धरावा.

— बावनथडीकर