‘ॲट द रेट’ ही चूक नव्हे

१/५
ई-मेलचा पत्ता सांगताना कंधारमधील वडीलधारी माणसे @ या चिन्हाला ‘ॲट द रेट’ म्हणतात. पुण्या-मुंबईत शिकणारी नातवंडे लगेच दुरुस्ती करतात, ‘नुसतं ॲट म्हणा!’ इतिहास मात्र आजोबांच्या बाजूने उभा आहे.

२/५
हे चिन्ह मुळात व्यापाऱ्यांचे. १५३६ साली फ्लॉरेन्सच्या फ्रान्सेस्को लापीने सेव्हिलहून धाडलेल्या पत्रात ते मद्याचे माप दाखवते. पुढे इंग्रजी हिशेबवह्यांत ते ‘अमुक दराने’ या अर्थाने रुळले. ‘५ पोती @ १० रुपये’ म्हणजे एकूण ५० रुपये.

३/५
स्पॅनिशमध्ये त्याचे नाव ‘आरोबा’, क्विंटलच्या चौथ्या हिश्श्याचे वजन. मूळ अरबी ‘रुब’, म्हणजे चतुर्थांश. चार ओळींची रुबाई याच कुळातली. क्विंटलही अरबी ‘किंतार’वरूनच आलेला. मराठवाड्याच्या मोंढ्यांत सोयाबीनचा भाव आजही क्विंटलमागेच ठरतो.

४/५
१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी ई-मेलसाठी हे चिन्ह निवडले आणि ‘अमुक ठिकाणी’ हा अर्थ रूढ झाला. इटालियन माणूस त्याला गोगलगाय म्हणतो, रशियन कुत्रा, तर डच माकडाची शेपटी. त्यांना कोणी अडाणी ठरवत नाही.

५/५
१९४८ पर्यंत कंधारचा सरकारी कारभार उर्दूत चाले, नंतर भाषा बदलली. कोणता शब्द ‘बरोबर’, हे येथे नेहमी बाहेरूनच ठरत आले. ‘ॲट द रेट’ला हसणे ही त्याचीच पुढची पायरी. त्या नावात चिन्हाचा जुना व्यवसाय अजून जिवंत आहे. तो पुसण्याआधी नातवंडांनी निदान समजून घ्यावा.