हुबेहूब गाण्याला बक्षीस नको

गणपतीत, नवरात्रात आमच्या कंग्राळीच्या आसपास मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा होतात. पेटीच्या साथीला मला बोलावतात, त्यामुळे ही मुलं मी अगदी जवळून ऐकतो. निकाल सांगताना परीक्षकांचं एक वाक्य ठरलेलं असतं: ‘डोळे मिटून ऐकलं तर साक्षात आशाताई!’ टाळ्या पडतात आणि पहिलं बक्षीस त्या मुलीला जातं. एखादा मुलगा तेच गाणं स्वतःच्या पट्टीत, जरा संथ लयीत, एखादी ओळ वेगळी फिरवून गातो. त्याला सांगतात, ‘गळा चांगला आहे, पण मूळ गाणं सोडू नकोस.’ त्या मुलाचा उतरलेला चेहरा मला बघवत नाही. मी परीक्षकांच्या जागी असतो तर बक्षीस त्यालाच दिलं असतं.

निदान बेळगाव तालुक्यात तरी असा न्याय होऊ नये. आमच्याच तालुक्यातल्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली जन्मला, तोच पुढे कुमार गंधर्व झाला. लहानपणी या मुलाची ख्याती कशाची होती? मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गळ्यातून काढण्याची. लोक थक्क व्हायचे. आजच्या आमच्या स्पर्धेत तो उतरला असता तर दरवर्षी ढाल घेऊन गेला असता. पण अकरा-बारा वर्षांचा असताना तो मुंबईला देवधर मास्तरांकडे गेला, आणि तिथं त्याला गाणं आतून बघायला शिकवलं गेलं. पुढं क्षयानं गाठलं, देवासला काही वर्षं गाणंच बंद राहिलं, आणि परत आलेला गवई कुणाचीच सावली नव्हता.

त्याच कुमारांनी नंतर ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. ज्यांनी तो ध्वनिमुद्रणात ऐकला असेल त्यांना माहीत आहे, की तिथं बालगंधर्वांची नक्कल शोधून सापडत नाही. बालगंधर्वांचा स्वर लडिवाळ, एकातून दुसऱ्यात ओघळणारा. कुमारांचा तुकड्या-तुकड्यानं येणारा, मध्येच लखकन वर जाणारा. तरी शब्द कुठं दाबायचा, सम किती सहज गाठायची, बाईच्या बोलण्यातलं आर्जव सुरात कसं ठेवायचं, हे सगळं बालगंधर्वांचंच. हे न पटलेली जुनी माणसं मला भेटली आहेत. ‘आमच्या नारायणरावांचं गाणं मोडलं,’ असं ती कळवळून म्हणत. त्यांचं प्रेम खरं होतं, त्याबद्दल मी वाद घालणार नाही. पण मला तर तो कार्यक्रम ऐकल्यावरच बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांत काय काय दडलंय ते ऐकू यायला लागलं.

आणि मूळ म्हणजे तरी नेमकं कुठलं? बालगंधर्वांची तबकडी एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटांची. रंगमंचावर तेच पद ‘वन्समोअर’ घेत घेत कितीतरी लांबायचं, साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबल्यावर थिरकवाँसाहेब असायचे. म्हणजे तबकडीवर आहे ते त्यांनी स्वतःच आटोपशीर केलेलं रूप. त्यांचं गाजलेलं ‘स्वयंवर’ नाटक १९१६ साली आलं. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि त्यांतल्या कितीतरी आधीच्या चिजांवर, बंदिशींवर बेतलेल्या. त्या चिजाही घराण्यांतून, गळ्यागळ्यांतून बदलत आलेल्या.

हे लपवायची आपल्याकडे रीत नव्हती, हे मला फार मोलाचं वाटतं. संगीत नाटकाची जुनी पुस्तकं उघडून बघा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं छापून पुढं कुठल्या गाण्यावरून ती घेतली ते दिलेलं असतं. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांनी पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हा कानडी, हिंदुस्थानी, कीर्तनातल्या, बायकांच्या गाण्यातल्या, जिथं मिळाल्या तिथल्या चाली घेतल्या आणि त्यांवर नवं मराठी गाणं उभं केलं. घेतल्याचं सांगितलं, म्हणून ते कुणाला चोरी वाटलं नाही.

आता यूट्यूबवर भीमसेन जोशींनी गाजवलेला एखादा अभंग नव्या गळ्यातून ऐका. खाली गायकाचं नाव, कॅमेऱ्यामागच्या माणसाचं नाव, केशभूषेचंसुद्धा नाव. चाल राम फाटकांची आहे हे कुठंच नाही. मुलं मला सांगतात, ‘काका, हा भीमसेनजींचा अभंग.’ अभंग संतांचा, चाल फाटकांची, गाणं भीमसेनजींचं. या तिघांची नावं घेतली की यात तुला चौथं काय करायचं आहे, हे मुलाला विचारता येतं.

भीमसेनजींचं ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ घ्या. पुरंदरदासांची ही कानडी रचना कर्नाटक संगीतात मध्यमावतीत किंवा श्रीरागात गातात. भीमसेनजींनी ती आपल्या हिंदुस्थानी ढंगानं गायली, आणि आमच्या भागात लक्ष्मीपूजनाला मराठी घरात काय, कानडी घरात काय, तीच वाजते. पुरंदरदास सोळाव्या शतकातले. त्यांच्या गळ्यातली चाल शोधत बसलो असतो तर हे गाणं आम्हाला मिळालंच नसतं.

म्हणून वाटेल ते करावं असं मात्र नाही. अभंगाचा शेवटचा चरण, जिथं संताचं नाव येतं, तो वेळ नाही म्हणून कापायचा आणि त्या जागी ढोलाचा तुकडा घालायचा, हे मला सहन होत नाही. ‘कानडा राजा पंढरीचा’ हे गाणं सुधीर फडके आणि वसंतराव देशपांडे या दोन अगदी निराळ्या गळ्यांसाठी बांधलेलं आहे. एकटा मुलगा दोघांचे आवाज आळीपाळीनं काढतो तेव्हा लोक हसून दाद देतात, पण पांडुरंग बाजूला राहतो. ‘बालगंधर्व’ चित्रपटात आनंद भाटे मुळाच्या जवळ राहून गायले. ते तिथं हवंच होतं, पडद्यावर बालगंधर्वच उभे होते. दहा वर्षांच्या मुलीनं आशाताई व्हावं, याला असं कुठलं कारण आहे?

‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगमंचावर आलं, त्यात अभिषेकीबुवांनी ‘घेई छंद’ हे एकच पद नाटकातल्या पंडितजींसाठी एका ढंगात आणि खाँसाहेबांसाठी दुसऱ्या ढंगात बांधलं. मी ही दोन्ही रूपं मुलांना एकामागून एक ऐकवतो आणि विचारतो, यातलं मूळ कुठलं? मुलं भांडायला लागतात, आणि भांडता भांडता दोन्हींतल्या जागा त्यांना कळायला लागतात.

स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. गाण्याआधी मुलानं कवीचं, चाल देणाऱ्याचं आणि पहिल्या गायकाचं नाव सांगावं, आणि त्याला गुण असावेत. ‘मूळ गाण्याशी साम्य’ हा रकाना गुणपत्रिकेतून काढावा. त्या जागी परीक्षकांनी मुलाला एवढंच विचारावं: ही ओळ तू अशी का घेतलीस? यंदाच्या गणपतीत ज्या मंडळाची गुणपत्रिका अशी असेल, तिथं मी दिवसभर पेटीवर बसायला तयार आहे, मानधन नको.