जुन्या लॅपटॉपचा न मांडलेला खर्च

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा आधार काढून घेतला. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षे नांदली आणि जगभरच्या कोट्यवधी संगणकांत जाऊन बसली. आधार काढला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो पूर्ववत चालतो. मात्र सुरक्षिततेतील छिद्रे बुजवणारी नेहमीची विनामूल्य दुरुस्ती थांबते. ज्यांच्या यंत्रात सभासदांची खाती, विद्यार्थ्यांचे निकाल किंवा वर्गणीदारांच्या याद्या आहेत, त्यांना मग नवी प्रणाली घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही असे वाटू लागते. एखाद्या रविवारी कार्यालयातला त्यातल्या त्यात जाणता कारकून जुन्या लॅपटॉपवर ‘विंडोज ११’ चढवतो. सोमवारी सकाळी प्रिंटर हूं की चूं करत नाही, हिशेबाची आज्ञावली उघडत नाही, आणि मराठी पत्रांच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटते.

अशा वेळी पहिला ठपका कारकुनावर येतो आणि दुसरा लॅपटॉपच्या वयावर. ही दोन्ही निदाने बहुधा चुकीची असतात. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे.

संगणकातील आज्ञावली ही एका कारागिराने घडवलेली एकसंध वस्तू नसते. तळाशी प्रणाली, तिच्यावर प्रिंटर, पडदा, ध्वनी यांना हाकणारे निरनिराळ्या कारखान्यांचे ड्रायव्हर, आणि त्यांच्यावर रोजच्या वापराचे कार्यक्रम, अशी ती उतरंड असते. वरच्या प्रत्येक मडक्याने खालच्याचा काठ गृहीत धरलेला असतो. तळ बदलला की हे सारे गृहीतक एका रात्रीत तपासले जाते. ‘विंडोज ११’ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही, ती केवळ ६४-बिट आहे. ३२-बिट कार्यक्रम तिच्यावर बहुतांशी चालतात, परंतु ३२-बिट ड्रायव्हर चालत नाहीत, आणि त्याहून जुने १६-बिट कार्यक्रम तर मुळीच चालत नाहीत. ज्या यंत्रावर ‘विंडोज १०’ची ३२-बिट आवृत्ती होती, तेथे जुन्यावरून नव्याकडे सरळ जाण्याची वाटच नाही, सारे नव्याने बसवावे लागते, म्हणजे प्रत्येक कार्यक्रम पुन्हा आणावा लागतो. त्याची तबकडी, परवान्याचा क्रमांक आणि विक्रेता हे तिन्ही अजून हयात असतील, तर ठीक.

दुसरा अडसर सुरक्षिततेच्याच नावाने उभा राहतो. प्रणालीच्या गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरची कसून तपासणी करणारी ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची सोय आता ठळकपणे पुढे आली आहे. ती चालू असेल, तर जुन्या घडणीचे काही ड्रायव्हर दारातच अडवले जातात. ती बंद केली की यंत्र चालू लागते, पण ज्या सुरक्षिततेसाठी हा सारा खटाटोप केला तीच कमी होते. अडवलेल्या ड्रायव्हरांची नावे ‘विंडोज सिक्युरिटी’च्या पडद्यावर पाहता येतात. ही नावे न वाचताच संपूर्ण प्रणाली दोनदा-तीनदा पुन्हा बसवणारे लोक थोडे नाहीत.

दोष शोधण्याची रीत खरे तर शालेय प्रयोगशाळेतलीच आहे: एका वेळी एकच बदल. यंत्र सुरू होताच आपोआप जागे होणारे कार्यक्रम बत्तीस असतील, तर त्यांतले सोळा बंद करून पाहावे. दोष गेला, तर तो बंद केलेल्या सोळांत; राहिला, तर उरलेल्या सोळांत. मग आठ, चार, दोन, एक. पाच फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. कधीकधी मात्र कोणत्याही अर्ध्या भागात दोष सापडत नाही, आणि येथेच भलेभले हात टेकतात. तशा वेळी समजावे, की गुन्हा एकट्याचा नाही. दोन कार्यक्रम वेगवेगळे असताना सालस असतात आणि एकत्र आले की भांडतात. एकाच यंत्रात दोन विषाणूरोधक नांदवू नयेत, हा सल्ला त्याच अनुभवातून आलेला आहे.

महाराष्ट्रातील कार्यालयांचे, छापखान्यांचे आणि ग्रंथालयांचे दुखणे याहून खोल आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही राष्ट्रीय प्रमाणसंहिताही आली. पण व्यवहार प्रमाणाची वाट पाहत नाही. मराठी टंकनासाठी निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्टसंच आधीपासून आणि नंतरही विकले गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी देवनागरी अक्षरखंड रोमन अक्षरांच्या जागी बसवले. म्हणजे यंत्राच्या लेखी मजकूर रोमनच. त्याला मराठीचे रूप देत होता तो केवळ फॉन्ट. कळफलकाची सोय करणारा एक छोटा कार्यक्रम त्यासोबत असे, आणि काही संचांना चोरीपासून रक्षण म्हणून यंत्राच्या पाठीमागे खोचायचे हार्डवेअर लॉक असे. आता साखळी पाहावी. प्रणाली बदलते, लॉकचा जुना ड्रायव्हर अडवला जातो, लॉक सापडत नाही म्हणून संच उघडत नाही, संच उघडत नाही म्हणून वीस वर्षांची इतिवृत्ते वाचता येत नाहीत. अक्षर न् अक्षर तबकडीवर शाबूत असते, फक्त त्याला मराठी म्हणून ओळखणारे कोणी उरलेले नसते. फायली बिघडल्या असे समजून त्या पुसून टाकणे ही यातली सर्वांत महाग चूक. मूळ फॉन्ट परत बसवला तर मजकूर पुन्हा वाचता येतो, आणि युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. मात्र जोडाक्षरे आणि रफार यांच्यापाशी ती अडखळतात, तेव्हा रूपांतरानंतर शुद्धलेखन जाणणाऱ्या माणसाने एकदा नजर फिरवणे आवश्यक ठरते.

हा खर्च कोणत्या वहीत मांडायचा? प्राप्तिकराच्या हिशेबात २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरला जातो. पन्नास हजारांचा लॅपटॉप पाच वर्षांनी कागदोपत्री ३,८८८ रुपयांचा उरतो. पण त्याच पाच वर्षांत त्याच्यावर रचलेल्या गोष्टी वाढत गेलेल्या असतात: कर्मचाऱ्यांच्या बोटांना जडलेली सवय, हजारो फायली, नेमक्या त्याच ड्रायव्हरवर चालणारा प्रिंटर. यंत्राची किंमत उतरते आणि ते सोडण्याची किंमत चढते. ताळेबंदात दिसते ती केवळ पहिली. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली टंकलेखन यंत्राच्या कळफलकाचे उदाहरण घेऊन दाखवले होते, की एकदा रुळलेली रचना पुढे उत्तम नाही असे ठरले तरी सुटत नाही, कारण तिच्याभोवती इतर सारे उभे राहिलेले असते. फॉन्टसंच विकणाऱ्याला हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे. त्याचा लाभ मात्र त्याला झाला. पुढे त्याने दुकान बंद केले, आणि बिल खरेदीदाराकडे राहिले.

नवी प्रणाली विकणाऱ्या कंपनीचीही बाजू आहे. प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला कायमचा आसरा द्यायचा तर चोरवाटाही कायमच्या उघड्या राहतात. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या मान्य यादीत नाहीत, यामागे तोच युक्तिवाद आहे. मात्र कोणी, केव्हा आणि कशाच्या बदल्यात थांबायचे हे एकट्या विक्रेत्याने ठरवावे काय, हा प्रश्न उरतोच. जुन्या प्रणालीला सुरक्षादुरुस्तीची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली, तेव्हा घरगुती ग्राहकांपुढे पैसे भरणे किंवा आपली मांडणी कंपनीच्या साठ्याशी जोडणे असे पर्याय ठेवले गेले. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तेथील अटी सैल झाल्या. युरोपीय संघाचा २०२४चा सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट विक्रेत्यावर सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांच्या सुरक्षादुरुस्तीची जबाबदारी टाकतो. त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळही उघडले. पण चर्चेचा भर सुटे भाग, माहितीपत्रके आणि दुरुस्ती केंद्रे यांवर राहिला. विकणे थांबवलेल्या वस्तूचा ड्रायव्हर आणि फायलींची रचना जाहीर करण्याची सक्ती ही मागणी त्यात जोडली पाहिजे. सरकारी खरेदीच्या करारात एवढे एक कलम घातले, तरी विक्रेते ऐकतील. सरकार हा फार मोठा गिऱ्हाईक आहे.

ते होईतो कारकुनाने आपल्यापुरती व्यवस्था करावी. प्रणाली बदलण्यापूर्वी फायलींबरोबर फॉन्टांचा फोल्डर आणि ड्रायव्हर निराळ्या तबकडीवर घ्यावेत, आणि शक्य तर सुटीच्या दिवशी नव्हे, महिनाअखेर टळल्यावर हे काम काढावे. जुन्यावरून थेट नव्यावर गेलेल्या यंत्रात मागे फिरण्याची सोय असते, ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात आधीची प्रणाली जपून ठेवलेली असते. तिची मुदत सर्वसाधारणपणे दहा दिवसांची. तेव्हा प्रिंटर, हिशेब आणि मराठी मजकूर ही तिन्ही कामे पहिल्या आठवड्यातच तपासावीत. नंतर तो फोल्डर प्रणाली आपणहून पुसून टाकते.