किळस गिळणाऱ्या हातांचे ऋण

मधुमेही वृद्धाच्या पायावरची जुनी पट्टी सुटते आणि जखमेत पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसतात. तापाने फणफणलेल्या मुलाच्या तोंडातून वीतभर लांबीचा जंत बाहेर येतो. पोटात गाठ आहे म्हणून शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या मुलीच्या जठरातून तिनेच वर्षानुवर्षे गिळलेल्या केसांचा गोळा निघतो. घरच्या माणसांनी नाकाला पदर लावून मागे सरकावे, असे हे क्षण. परिचारिकेला मात्र पुढेच व्हावे लागते आणि तेही चेहऱ्यावर आठी उमटू न देता.

अशा हकिकती चवीने सांगितल्या जातात. ऐकणारा ‘शी!’ म्हणतो, हसतो आणि विसरून जातो. पण या किळसवाण्या आश्चर्यांकडे नीट पाहिले, तर त्यांत रुग्णाच्या शरीराइतकेच समाजाचेही दर्शन घडते. माशी उघड्या जखमेवर अंडी घालते. साधारण दिवसभरात त्यांतून अळ्या निघतात आणि नजरेत भरण्याइतक्या वाढायला त्यांना आणखी काही दिवस लागतात. म्हणजेच तितके दिवस त्या जखमेकडे कोणीही पाहिलेले नसते! मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असते, म्हणून रुग्णाला वेदना कळत नाही. पण घरच्यांच्या संवेदनेचे काय? पोटातले जंत अस्वच्छ पाण्याची आणि उघड्यावरच्या शौचाची साक्ष देतात. केसांचा गोळा बहुधा कोणी न ऐकलेल्या मनोव्यथेची.

ज्या अळीने आपल्याला शिसारी येते, तिला विज्ञानाने सरसकट शत्रू मानलेले नाही. पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर या अमेरिकी शल्यविशारदाला रणभूमीवर कित्येक दिवस पडून राहिलेले दोन सैनिक आढळले. त्यांच्या जखमांत अळ्या होत्या, तरीही त्यांना ताप नव्हता. अळ्यांनी केवळ मृत मांस खाऊन जखम स्वच्छ केली होती. पुढे बेअर यांनी निर्जंतुक अळ्यांचा उपचार रूढ केला आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. आपल्या रुग्णालयांत दिसणाऱ्या अळ्या मात्र अशा निवडलेल्या नसतात. त्यांतल्या काही जातींच्या अळ्या जिवंत मांसही पोखरतात. म्हणून जखमेत टर्पेंटाइन घालून त्यांना वर आणायचे आणि एकेक अळी चिमट्याने वेचायची, हे काम कधी कधी सलग काही दिवस चालते. ते करणारे हात बहुधा परिचारिकेचे असतात.

या हातांना समाजाने काय दिले? मलमूत्र आणि पू-रक्ताचा स्पर्श म्हणजे विटाळ, या समजुतीने शुश्रूषेला दीर्घकाळ हलके काम ठरवले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी विधवा स्त्रियांना परिचर्येची वाट दाखवली, ती हाच पूर्वग्रह झुगारून. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. चार दशकांहून अधिक काळ सहकारी परिचारिकांनी पिढ्यानुपिढ्या त्यांना जपले. त्या शुश्रूषेचा सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात मुक्तकंठाने गौरव केला. अंथरुणाला खिळलेल्या देहाला दर दोन तासांनी कूस बदलून दिली नाही, तर शय्याव्रण हाडापर्यंत पोहोचतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या सेवेचे मोल कळेल.

परंतु सेवाभावाची स्तुती करून हात झटकता येणार नाहीत. अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. गर्दीने ओसंडणाऱ्या सरकारी वॉर्डात तो किती पाळला जातो, हे तेथे एक रात्र काढलेल्या कोणालाही सांगता येईल. पुरेशी माणसे, पुरेसे हातमोजे आणि सन्मानाचे वेतन ही मेहेरबानी नव्हे, तो तिचा हक्क आहे.

शासनाने हे करावेच. घराघरांनीही आपला वाटा उचलावा. वडिलांची पावले रोज न्याहाळावीत, जखम वेळेवर उघडून पाहावी, अंथरुणावरच्या आजीची कूस बदलावी. परिचारिकेसमोर येणारी कित्येक भयंकर आश्चर्ये आपल्या उंबऱ्याच्या आतच टळू शकतात. आपण नजर फिरवतो, तेथून तिचे काम सुरू होते.