सागरी संग्रहालय पावसाळ्यात उघडावे





जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार किल्ले थेट समुद्राशी निगडित असल्यामुळे, त्यांच्या परिसरात सागरी इतिहासाची लहान संग्रहालये उभारण्याची मागणी यापुढे वाढत जाणार, हे उघड आहे. अशा मागणीत इमारत, पुतळा, ध्वनिप्रकाशाचा खेळ आणि तिकीटखिडकी यांचा हिशेब आधी मांडला जातो. संग्रहालय उघडल्यावर तेथे वर्षभर कोणी काय करावयाचे, हा प्रश्न मात्र बहुधा उद्घाटनाच्या फितीबरोबरच कापून टाकला जातो. लहान सागरी संग्रहालयाच्या बाबतीत हा क्रम उलटा असावयास हवा, म्हणजे किनाऱ्यावरील लोकांना घेऊन चालणारे उपक्रम आधी सुरू व्हावेत आणि इमारतीचा विचार नंतर व्हावा, हे या पत्राचे प्रतिपादन आहे.

संग्रहालय म्हणजे वस्तू जपण्याचे ठिकाण, ही समजूत आता संग्रहालयशास्त्रातही अपुरी मानली जाते. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या व्याख्येत वारशाचे संशोधन, संकलन, जतन आणि प्रदर्शन यांच्याबरोबर समुदायांच्या सहभागाचाही स्पष्ट उल्लेख आहे. सागरी संग्रहालयाला तर या सहभागावाचून गत्यंतर नाही, कारण तेथील मुख्य वस्तू, म्हणजे नौका, काचेच्या कपाटात ठेवता येत नाही आणि पाण्याबाहेर काढून ठेवली की तिच्या फळ्या सुकून सांधे उघडे पडतात. लोखंडी नौकेची कथाही फारशी वेगळी नाही. १९९७ मध्ये सेवानिवृत्त झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून लोकांना पाहता आली, परंतु तिच्या सांगाड्याची देखभाल आणि सुरक्षितता यांचा प्रश्न सुटला नाही, २०१२ मध्ये ती प्रेक्षकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये मोडीत निघाली. ‘गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवती खडकांजवळ बुडवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याच्या योजनेकडेही, पर्यटकांच्या संख्येपलीकडे जाऊन, या अनुभवाच्या प्रकाशात पाहावयास हवे.

याउलट, स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील अँन्स्ट्रदर या छोट्या बंदरातील मत्स्यव्यवसाय संग्रहालयाचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाकडे ‘रीपर’ नावाची, १९०२ मध्ये बांधलेली हेरिंग मासेमारीची शिडाची नौका आहे, आणि ती स्वयंसेवकांच्या हातांनी दुरुस्त होऊन बंदरोबंदरी जात आली आहे. परंतु या संग्रहालयाचे खरे मोठे काम २००९ मध्ये घडले. त्या वर्षी त्याने इयान ऑट्रेड या नौकारचनाकाराकडून २२ फूट लांबीच्या वल्हवण्याच्या होडीचा आराखडा करून घेतला. फेअर बेटावरील जुन्या होडीच्या धर्तीवर बेतलेल्या या होडीला, संग्रहालयाच्या जागेवर पूर्वी असलेल्या सेंट एल्स या प्रार्थनामंदिराचे नाव देण्यात आले. प्लायवुडचे भाग यंत्रावर आधीच कापून संचाच्या रूपात मिळू लागल्यामुळे, सुतारकामाचा फारसा अनुभव नसलेल्या गावकऱ्यांनाही एखाद्या शेडमध्ये हिवाळ्याच्या संध्याकाळी जमून ती बांधता येऊ लागली. एकट्याने ती वल्हवता येत नाही. तिला चार वल्हेकरी आणि सुकाणूवर एक जण लागतो, आणि त्यामुळे ती कोणा एकाच्या मालकीचे खेळणे न होता गावाची होडी होते. गावागावांतून अशा होड्या बांधल्या गेल्या, त्यांच्या शर्यती सुरू झाल्या आणि २०१३ मध्ये उल्लापूल येथे त्यांची जागतिक स्पर्धा भरली. यात संग्रहालयाने एकही नवे दालन बांधले नाही, आणि तरीही त्याच्या विषयाचा एवढा प्रसार कोणत्याही दालनाने केला नसता.

कोकणाने ही होडी उचलून आणावी, असे येथे सुचवावयाचे नाही. कोकणाजवळ त्याहून समृद्ध सामग्री आहे आणि ती वेगाने हातची जात आहे. फायबरच्या नौकांनी लाकडी होड्यांची जागा घेतल्यापासून फळी वाकवणे, सांधे बसवणे आणि फटी बुजवणे ही कामे जाणणाऱ्या सुतारांना काम उरलेले नाही. लाकूड पोखरून केलेली आणि तोल सांभाळण्यासाठी एका बाजूला आडव्या दांड्यांवर लाकडी ओंडका बांधलेली उलांडीची होडी, किंवा किनाऱ्यावरून अर्धवर्तुळात सोडून दोन्ही टोकांनी माणसांच्या रांगांनी ओढावयाचे रापण हे जाळे, यांची छायाचित्रे भिंतीवर टांगता येतील. पण रापण ओढताना दोन्ही रांगांचा वेग कसा सांभाळतात, हे छायाचित्र सांगत नाही. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते, म्हणजे चतुर्थीला सुमारे ३ वाजता आणि अष्टमीला सुमारे ६ वाजता भरती येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब शाळेतील मुलांना फलकावर वाचावयास देण्यापेक्षा एखाद्या तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, पंचांग हातात देऊन धक्क्यावर उभे राहून शिकवावा, हे अधिक शहाणपणाचे आहे. जिवंत कारागिरी कोठवर पोचू शकते, हे ‘कौंडिन्य’ या नौकेने नुकतेच दाखवले आहे. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रातील जहाजावरून बेतलेली ही नौका केरळच्या कारागिरांनी गोव्यात काथ्याच्या दोराने फळ्या शिवून बांधली, आणि मे २०२५ मध्ये ती नौदलात दाखल झाली.

या भूमिकेवर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. उपक्रमांच्या नावाखाली संग्रहालये जत्रा भरवू लागतात, खाद्यजत्रेला गर्दी होते आणि कागदपत्रे, नकाशे, जुनी अवजारे यांना वाळवी लागते, असे जाणकार म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु हा दोष उपक्रम निवडण्याच्या पद्धतीतला आहे. ज्या उपक्रमाला किनाऱ्यावरील माणसाचे ज्ञान लागत नाही, तो संग्रहालयाचा उपक्रम नव्हेच, हा साधा निकष लावला तर सेल्फीची चौकट आणि नृत्याची स्पर्धा आपोआप गळून पडतात आणि जाळे विणण्याचा वर्ग, वृद्ध खलाशांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण व होडीची दुरुस्ती एवढेच उरते. अशा दुरुस्तीत वस्तूचे जतनही होते, हे ‘रीपर’च्या उदाहरणात दिसलेच आहे.

राहिला प्रश्न वेळेचा, आणि कोकणात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पर्यटनाचा हंगाम दिवाळीपासून मेअखेरपर्यंत असल्याने संग्रहालयांचे कार्यक्रमही त्याच काळात आखले जातात, आणि नेमका तोच काळ मच्छीमारांना उसंत नसलेला असतो. यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून, माडाच्या झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात, म्हणजे पावसापासून झाकलेल्या असतात. जाळी घरात येतात आणि ज्यांच्याकडून शिकावयाचे ती माणसे गावातच असतात. त्यातच शाळाही जूनमध्ये सुरू होतात. ज्या काळात संग्रहालयाची तिकीटखिडकी सर्वांत रिकामी असते, तोच त्याच्या खऱ्या कामाचा हंगाम आहे, आणि नारळी पौर्णिमेला, म्हणजे समुद्राला नारळ अर्पण करण्याच्या दिवशी, दुरुस्त झालेली होडी पाण्यात लोटणे हा त्या हंगामाचा स्वाभाविक शेवट ठरेल.

खर्चाची अडचण येथे फारशी टिकत नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटन खाडीच्या काठी खडकात खोदलेली मराठा आरमाराची गोदी आहे; तिच्या परिसरात पुरातत्त्वीय बंधने पाळून जवळच्या गावात एक पत्र्याची शेड, एक जुनी लाकडी होडी आणि दोन सुतारांची दोन महिन्यांची मजुरी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. येथे मजुरी हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण कारागिराला शाल आणि श्रीफळ देऊन त्याचे दोन महिने फुकट घेण्याची आपल्याकडील रीत या उपक्रमात चालणार नाही.

म्हणून चारही सागरी किल्ल्यांच्या व्यवस्थापनाचे आराखडे करणाऱ्यांना अशी विनंती आहे की, संग्रहालयासाठी ठेवलेल्या निधीतील निश्चित हिस्सा बांधकामाकडे वळवता येणार नाही अशा अटीवर उपक्रमांसाठी राखून ठेवावा, त्याच्या विनियोगाच्या समितीत स्थानिक मच्छीमार संस्थांचे प्रतिनिधी घ्यावेत, आणि पहिला वर्ग येत्या १ जूनला भरवावा.

आपला,
एक वाचक, देवगड